मार्केटबाहेरचे सामने

अमेरिकन फुटबॉलबद्दल मराठीत लिहायचं म्हणजे सुरुवातीची दोन-चार वाक्यं खुलाशातच जातात. हा फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात. चेंडू गोल नसतो, दोन्ही टोकांना निमुळता असतो. रत्नागिरीहून अम्मी आमच्याकडे आली होती तेव्हा तिनं पंधरा मिनिटं बघितलं आणि विचारलं, "हे सारखे थांबतात कशाला? आणि पाय कोणी लावत नाही तर फुटबॉल का म्हणतात?" दोन्ही प्रश्न रास्त होते, एकाचंही धड उत्तर मला देता आलं नाही. तेव्हा खेळाचे नियम इथेच सोडून देतो. मला लिहायचंय ते हा खेळ टीव्हीवर बघायला मिळण्याबद्दल. टीव्ही घरात आहे, सामना चालू आहे, देशातले लाखो लोक तो बघतायत, आणि तुम्हाला मात्र तो दिसत नाही, कारण तुमचं घर दुसऱ्या गावात आहे. या एका गोष्टीवर आमच्या घरात गेली बारा वर्षं चर्चा चालू आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. एनएफएल या लीगमध्ये ३२ टीम आहेत. प्रत्येक टीम हंगामात १७ सामने खेळते आणि बहुतेक सामने रविवारी दुपारी असतात. पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळात एक वाजला की एकाच वेळी सात-आठ मैदानांवर खेळ सुरू होतो. सीबीएस आणि फॉक्स ही दोन चॅनेल्स ते फुकट दाखवतात, छतावरच्या किंवा खिडकीतल्या साध्या अँटेनावर. पण कुठल्या गावात कुठला सामना दिसणार हे आधी ठरलेलं असतं. अख्खा देश टीव्हीच्या 'मार्केट'मध्ये वाटलेला आहे. तुम्ही ज्या मार्केटमध्ये राहता तिथली टीम तुमची, असं गृहीत धरलं जातं. बाकीच्या टीमांचे सामने तुमच्यासाठी 'आउट ऑफ मार्केट'. ते बघायचे तर 'एनएफएल संडे तिकीट' नावाचं पॅकेज विकत घ्यायचं. १९९४ पासून २०२२ च्या हंगामापर्यंत ते घरगुती ग्राहकांना डायरेक्टीव्हीच्या डिशवर मिळायचं, २०२३ पासून यूट्यूबवर मिळतं. त्यात रविवार दुपारचे सगळे बाहेरगावचे सामने येतात. सगळेच. एकाच टीमचे हवे असतील तर तशी सोय नाही.

आता आमची टीम. मी २००३ मध्ये शिकायला विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकी शहरात आलो. तिथून दोनशे किलोमीटरच्या आत ग्रीन बे नावाचं गाव आहे, लोकवस्ती लाखभराची. आमच्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढं. एवढ्याशा गावाची स्वतःची एनएफएल टीम आहे, ग्रीन बे पॅकर्स. न्यू यॉर्क, शिकागो, डॅलस यांच्या बरोबरीनं ती खेळते. या टीमला कोणी अब्जाधीश मालक नाही. तिचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. लाभांश कधीच मिळत नाही, शेअर नफ्यानं विकता येत नाही, आणि टीम कधी विकलीच तर पैसा धर्मादाय कामाला जाईल अशी तरतूद आहे. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला आधी आपल्या सहकारी संस्था आठवल्या, मग वक्फ आठवला. ते म्हणाले, "ही आमची टीम म्हणजे खरोखरच आमची." त्यांच्या भिंतीवर शेअरचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं.

ती वर्षं सोपी नव्हती. ११ सप्टेंबरला दोनच वर्षं झाली होती. माझं नाव ऐकून समोरच्याचा चेहरा क्षणभर थांबायचा. २००६ मध्ये लग्न करून बायको आली, ती हिजाब घेते. बर्फातून चालत दुकानात जायची तेव्हा लोक बघायचे, बोलायचे नाहीत. रविवारी सामना चालू असताना दुकानं ओस पडतात हे तिच्या लक्षात आलं, म्हणून ती मुद्दाम त्या वेळी सामान आणायला जाऊ लागली. काउंटरवरच्या बाई रेडिओ लावून बसलेल्या असायच्या. एकदा हिनं सहज विचारलं, "कोण जिंकतंय?" बस. त्या बाई पुढे दर रविवारी हिच्याशी दहा मिनिटं बोलायच्या. आमचा मुलगा २००७ मध्ये झाला तेव्हा खालच्या आजोबांनी त्याला हिरवी-पिवळी लोकरी टोपी दिली. त्या टोपीमुळे बसमध्ये, दवाखान्यात, रस्त्यावर अनोळखी माणसं आमच्याशी बोलायला लागली. परक्या मुलखात आपल्याला जागा करून देणाऱ्या गोष्टी अशाच कुठून तरी येतात.

आणि हे सगळं फुकट होतं. आमच्याकडे पंचवीस डॉलरचा अँटेना होता. पॅकर्स १९९४ पर्यंत आपले काही घरचे सामने मिल्वॉकीतच खेळायचे, त्यामुळे मिल्वॉकी त्यांचं घरचं मार्केट मानलं जातं. लीगचा नियम असा की एखादा सामना केबलवर किंवा ॲपवर असला, तरी त्या टीमच्या घरच्या मार्केटमध्ये तो साध्या चॅनेलवरही दाखवायचा. म्हणजे मिल्वॉकीत राहणाऱ्याला पॅकर्सचा एकही सामना चुकत नाही आणि एक पैसाही लागत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी पिट्सबर्गला हरवून सुपर बोल जिंकला, तोसुद्धा आम्ही त्याच अँटेनावर बघितला.

२०१३ मध्ये माझी नोकरी न्यू जर्सीत आली आणि आम्ही मार्केटबाहेर गेलो.

सप्टेंबरचा पहिला रविवार. मुलगा सहा वर्षांचा, टोपी घालून एक वाजता टीव्हीसमोर. पडद्यावर निळ्या कपड्यातली माणसं. त्यानं विचारलं, "अब्बा, आपली टीम कुठे गेली?" न्यू जर्सीचा आमचा भाग न्यू यॉर्कच्या मार्केटमध्ये येतो आणि तिथे जायंट्स आणि जेट्स अशा दोन टीम आहेत. फुकटच्या चॅनेलांवर आधी त्यांचा मान. मी त्याला सांगितलं, टीम तिथेच आहे, आपण हललो.

मग उपाय शोधणं आलं. डिश घ्यायची तर ती दक्षिणेच्या आकाशाकडे रोखावी लागते, कारण उपग्रह तिकडे असतात. भाडेकरूला स्वतःच्या बाल्कनीत डिश लावायचा हक्क इथल्या कायद्यानं आहे, पण आमची बाल्कनी उत्तरेला. कायदा आपल्या बाजूनं आणि इमारत आडवी, अशी गत. शिवाय पॅकेज सुमारे तीनशे डॉलरचं आणि त्याखाली डिशचं मासिक बिल वेगळं.

ऑफिसात कोणालाही विचारलं की एकच उत्तर यायचं, "स्पोर्ट्स बारमध्ये जा ना." अमेरिकेत मार्केटबाहेरच्या प्रेक्षकांची खरी सार्वजनिक जागा बार हीच आहे. प्रत्येक मोठ्या शहरात एखादा बार अमुक टीमचा म्हणून ओळखला जातो. त्या गावातून आलेली माणसं रविवारी तिथे जमतात, एक ग्लास घेऊन तीन तास बसतात, गावाकडच्या गप्पा मारतात. दूर राहणाऱ्यांनी जमायला अशी जागा असावी ही गोष्ट चांगलीच आहे. फक्त ती आमच्यासाठी नाही. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मी बिअरच्या टेबलांमध्ये बसणार नाही. "कोक घे की," असं सांगणारे मित्र मनानं चांगले आहेत, पण सवाल माझ्या ग्लासात काय आहे एवढाच नसतो. मुलाला रविवारची दुपार कुठल्या वातावरणात घालवायची सवय लागते, हाही असतो. इथे बऱ्याच ख्रिस्ती आणि हिंदू कुटुंबांचंही हेच म्हणणं असतं. थोडक्यात, स्वस्तातला मार्ग आमच्यासाठी बंद, आणि घरातला मार्ग महाग.

मशिदीच्या तळघरात मोठा हॉल आहे. पोरांनी सुचवलं, तिथे लावू या, सगळे बघतील, बारला पर्याय होईल. कल्पना चांगली होती. चौकशी केल्यावर कळलं की सार्वजनिक जागेत हे पॅकेज दाखवायचं तर व्यापारी परवाना लागतो. त्याचा दर त्या जागेत किती माणसं मावू शकतात यावर ठरतो, किती येतात यावर नाही. आमच्या हॉलची क्षमता ईदच्या गर्दीच्या हिशेबानं मंजूर झालेली. ज्या हॉलमध्ये रविवारी वीस माणसं आली असती त्याचे पैसे शेकड्यांच्या हिशेबानं द्यावे लागले असते. प्रार्थनास्थळांचा हा प्रश्न आमच्या एकट्यांचा नाही. २००७ मध्ये इंडियानापोलिसच्या एका चर्चनं सुपर बोल मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं तेव्हा लीगनं हरकत घेतली होती. गवगवा झाला आणि पुढच्या वर्षी लीगनं प्रार्थनास्थळांना तो दाखवायला मुभा दिली. पण ती सवलत सुपर बोलपुरती. रविवारच्या तिकिटाला ती लागू होत नाही.

तिसरा मार्ग सगळ्यांना माहीत असतो. मुलगा तेरा वर्षांचा झाला तेव्हा तो त्यालाही माहीत झाला. शाळेतल्या मित्रानं लिंक दिली होती, कुठल्या तरी देशातून चोरून सोडलेलं प्रक्षेपण. तो माझ्याकडे विचारायला आला, याचं मला बरं वाटलं. त्याचा युक्तिवाद पक्का होता. "अब्बा, मला फक्त पॅकर्स हवेत. ते मला पॅकर्स विकतच नाहीत. जी वस्तू विकायला ठेवलेलीच नाही ती चोरली असं कसं म्हणणार?"

मी त्याला आंब्याचं उदाहरण दिलं. समज, रत्नागिरीच्या बाजारात तुला एक डझन हापूस हवाय आणि दुकानदार म्हणतो, घ्यायची तर पाच पेट्या घे, नाहीतर जा. तू त्याच्याशी भांड. गावभर त्याचं नाव खराब कर. दुसरीकडून घे, किंवा त्या वर्षी आंबा खाऊ नकोस. त्याच्याविरुद्ध कोर्टात जा. पण मागच्या दारानं जाऊन डझनभर उचलून आणलेस, तर दुकानदार आडमुठा आहे म्हणून तुझं उचलणं हलाल होत नाही. त्याच्या शाळेत फिकहवर बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मी त्याला हेही सांगितलं की १९८८ मध्ये कुवेतमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात लेखन आणि संशोधनाचे हक्क मालकाची मालमत्ता मानले गेले आहेत. तो म्हणाला, "मग कोर्टात कोणी गेलंय का?"

गेलं होतं. आणि गंमत म्हणजे गेला तो सॅन फ्रान्सिस्कोतला एक बारच. २०१५ मध्ये दाखल झालेला हा दावा पुढे चोवीस लाखांहून जास्त घरगुती ग्राहक आणि हजारो बार-रेस्टॉरंटांचा सामूहिक खटला झाला. म्हणणं सोपं होतं: सगळ्या टीमांनी मिळून आपले सामने एकाच पॅकेजमध्ये बांधले, एकाच कंपनीला विकले आणि भाव चढा ठेवला. सुनावणीत असंही पुढे आलं की ईएसपीएननं हे पॅकेज हंगामाला ७० डॉलरमध्ये विकायची आणि एकेका टीमचे सामने वेगळे द्यायची तयारी दाखवली होती. ते लीगनं स्वीकारलं नाही. जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीनं ग्राहकांच्या बाजूनं ४.७ अब्ज डॉलरचा निकाल दिला. आमच्या घरात त्या दिवशी सामना जिंकल्यासारखं वातावरण होतं. ऑगस्टच्या पहिल्याच तारखेला न्यायाधीश फिलिप गुटिएरेझ यांनी तो निकाल रद्द केला. ग्राहकांच्या तज्ज्ञांची गणितं टिकणारी नव्हती, आणि ज्यूरीनं छापील किंमत आणि ग्राहकांनी सरासरी भरलेली रक्कम यातला फरक हेच नुकसान धरलं होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मिळालेली सूटच नुकसान म्हणून मोजली गेली. हिशेबाच्या बाबतीत मला न्यायाधीशांचं पटलं. आपल्याला हवी ती वस्तू सुटी मिळत नाही, या तक्रारीचं मात्र उत्तर कोणीच दिलं नाही. बास्केटबॉलची एनबीए आणि बेसबॉलची लीग एकाच टीमचे सामने सुटे विकतात. तेव्हा हे जमत नाही असं म्हणायला जागा नाही.

पण इथे एक गाठ आहे आणि ती सोडून दिली तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. लीगनं सगळ्या टीमांचे हक्क एकत्र विकायचे याला १९६१ च्या एका कायद्यानं संरक्षण दिलं. तो फुकटच्या चॅनेलांसाठी होता. त्या पैशाचे सारखे वाटे होतात. न्यू यॉर्क जायंट्सचे मालक असलेल्या मारा कुटुंबानं तेव्हा आपल्या मोठ्या शहराचा फायदा सोडून बरोबरीचा वाटा मान्य केला. लाखभर वस्तीचं ग्रीन बे आज टिकून आहे ते त्या वाटणीमुळे. प्रत्येक टीमनं आपापले सामने आपापल्या भावात विकले असते तर पॅकर्स कदाचित आज नसते. ज्या एकीनं माझ्या मुलाची टीम जगवली त्याच एकीच्या जोरावर पुढे त्याच्याकडून जादा पैसे मागितले जातात. पहिली गोष्ट मला न्याय्य वाटते, दुसरी नाही. दोन्हींचं मूळ एक आहे म्हणून दुसरीला मान तुकवायची गरज नाही.

आपल्या देशात हा प्रश्न वेगळ्या वाटेनं गेला. १९९३ च्या हिरो कप क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढे २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीबरोबर वाटून घेणं बंधनकारक झालं. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही, पण एखादा खेळ लोकांचा होऊन गेला की त्यावर लोकांचाही काही हक्क पोचतो, हा विचार कायद्यात आला.

इथे मात्र तुकडे वाढतच गेले. संडे तिकीट घेतलं तरी गुरुवारचा सामना ॲमेझॉनवर. सोमवारचा ईएसपीएनवर. २०२४ चा नाताळ नेटफ्लिक्सवर. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅकर्स ब्राझीलमध्ये साओ पाउलोला फिलाडेल्फियाशी खेळले तो सामना देशभर फक्त पीकॉकवर होता. मिल्वॉकीतल्या आजोबांना तो नेहमीच्या चॅनेलवर फुकट दिसला. एका टीमसाठी चार-पाच पासवर्ड. आणि जे चॅनेल लावाल तिथे दर मध्यंतराला बिअरच्या आणि सट्ट्याच्या जाहिराती. २०१८ मध्ये आमच्याच न्यू जर्सी राज्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सट्ट्यावरची केंद्रीय बंदी उठवली, तेव्हापासून हा पूर वाढलाय. मोबाइलवर बोट दाबलं की पैज लागते. पैसे देऊन सामना घ्यायचा आणि त्याबरोबर मुलासमोर हेही यायचं. रिमोटचं आवाज बंद करायचं बटण आमच्याकडे सगळ्यात जास्त झिजलंय.

२०२३ मध्ये हे पॅकेज यूट्यूबवर आलं तेव्हा बाल्कनीचा प्रश्न सुटला. हंगामाची किंमत सुटी घेतली तर ४४९ डॉलर, त्यांची ७३ डॉलर महिन्याची टीव्ही सेवा घेतलीत तर ३४९. मी कागदावर हिशेब मांडला. पॅकर्सचे १७ सामने. लोकप्रिय टीम असल्यामुळे पाच-सहा देशभर दिसतात, आणखी तीन-चार कसेबसे आमच्या चॅनेलवर येतात. उरले आठ. ४४९ भागिले आठ म्हणजे सामन्याला ५६ डॉलर. आपल्या पैशात हंगामाचे ३७ हजार रुपये. एवढ्यात गावाकडे एखाद्या पोराची वर्षाची फी निघते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी नको म्हणालो.

बायकोनं तो कागद वाचला आणि म्हणाली, "तुम्ही एका टीमनं भागलंत. माणसांनी भागा." आमच्या ओळखीत चार कुटुंबं आहेत, सगळी कुठून कुठून हलत इथे आलेली. एक ह्यूस्टनला शिकलेले, एक पिट्सबर्गला, एकांची मुलं डेट्रॉइटजवळ वाढली. प्रत्येकाची टीम मार्केटबाहेरची, प्रत्येकाची वेगळी. एका माणसाला जे पॅकेज लुटीचं वाटतं ते चार घरांना बरोबर बसतं. ठरलं असं की पॅकेज आम्ही घ्यायचं, बाकीच्यांनी पैसे द्यायचे नाहीत, जेवण आणायचं. घरात पाहुणे बोलावायला कुठला परवाना लागत नाही. यूट्यूबवर एकाच पडद्यावर चार सामने दिसण्याची सोय आहे, तेव्हा चार चौकोन आणि चार कुटुंबं. जोहर घरी पढून सगळे येतात. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की अस्र मध्यंतराच्या बारा-तेरा मिनिटांत बसते आणि मगरिब बरोबर दुसरा सामना रंगात येताना होते. तेव्हा पडदा थांबवायचा आणि चादरी अंथरायच्या. तीन मिनिटांनी सामना तिथूनच पुढे. ज्यांना बार मिळाला नाही त्यांनी दिवाणखाना केला, एवढंच.

याचा अर्थ भाव योग्य आहे असा मी काढत नाही. चार घरं एकत्र येऊ शकली हे आमचं नशीब. एकटा राहणारा विद्यार्थी, रात्रपाळी करणारा टॅक्सीवाला, ज्याच्या टीमचं आसपास कोणी नाही असा माणूस, यांच्यासाठी व्यवस्था तशीच आहे. कोकणातल्या आमच्या पिढ्यांना हे नवीन नाही. आखातात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की घरापासून लांब राहणाऱ्याला सगळंच थोडं जास्त पैशानं घ्यावं लागतं, मग तो फोन असो, विमान असो की आपल्या गावचा मासा. दूर राहण्याचा हा कर कोणी कायद्यानं बसवत नाही, पण वसूल मात्र होतो. मार्केटचा नकाशा काढणाऱ्यांनी धरून चाललेलं असतं की माणूस जिथे राहतो तिथलंच त्याला आवडतं. स्थलांतर केलेल्या कुठल्याही घरात विचारा, उलटं सांगतील.

मुलगा आता अठरा वर्षांचा झाला. या ऑगस्टमध्ये तो मिल्वॉकीला कॉलेजात गेला, जन्मगावी. सामान भरताना त्याच्या आईनं पापड, लोणचं, मुसल्ला ठेवला. त्यानं स्वतः कपाटाच्या वरच्या फळीवरून जुना पंचवीस डॉलरचा अँटेना काढून पिशवीत टाकला. तिथे त्याला सगळे सामने फुकट दिसतात. मी इथे यंदाही पैसे भरले. बायको म्हणाली, "आता कोणासाठी?" मी म्हटलं, रविवारी एक वाजता त्याचा फोन येतो तेव्हा तो कशाबद्दल बोलतोय हे आपल्याला कळायला हवं ना.